सलाईन लावली की अंगात ताकद येते?

‘अशक्तपणा आलाय, एक बाटली चढवली की तरतरी येईल’ हा समज गावोगावी फार जुना आहे. तो उगाच पसरलेला नाही, कारण सलाईननंतर बरं वाटल्याचा अनुभव खरा असतो. फक्त त्याचं कारण वेगळं आहे.

बाटलीवरचं लेबल वाचा. ‘सोडियम क्लोराईड ०.९ टक्के’ म्हणजे अर्ध्या लिटर पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ, चहाच्या छोट्या चमच्याने जेमतेम पाऊण चमचा. ‘डेक्स्ट्रोज ५ टक्के’ असेल तर २५ ग्रॅम साखर, म्हणजे फार तर १०० कॅलरी. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत याहून जास्त असतात! प्रथिनं, लोह या बाटल्यांत नसतंच.

मग बरं का वाटतं? ताप-जुलाबात शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं, ते भरून निघतं. तास-दोन तास पडून विश्रांती मिळते. अनेकदा सोबत तापाचं औषधही दिलेलं असतं.

पिता येत असेल तर तेच पाणी तोंडानेही भरून निघतं. ओआरएस (पाण्यात विरघळवून प्यायची क्षार-साखरेची पुडी), किंवा एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या छोट्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रुग्ण बेशुद्ध असेल, उलट्या थांबत नसतील, लघवी जवळजवळ बंद झाली असेल, तर मात्र सलाईन जीव वाचवते. तिथे क्षणाचाही उशीर नको.

विनाकारण लावलेल्या सलाईनने सुईच्या जागी जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला जादा पाणी झेपत नाही. एका बाटलीच्या खर्चात, मजुरीवर जगणाऱ्या घरात, कितीतरी दिवसांची डाळ आणि अंडी येतात. ‘ही कशासाठी लावताय?’ असं डॉक्टरांना जरूर विचारा.