इंग्लंडमध्ये घराबाहेरचा ड्रेन तुंबला, तर दुरुस्तीचा खर्च कोणाचा?

टॉयलेटचं पाणी वर यायला लागलं की माणूस घाबरतो आणि इंटरनेटवर पहिला दिसेल त्या प्लंबरला बोलावतो. कृपा करून तसं करू नका. पहिला फोन सांडपाण्याच्या कंपनीला करा. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने रविवारी रात्री खासगी माणूस बोलावून साडेचारशे पौंड मोजले. अडथळा निघाला फुटपाथखाली, म्हणजे कंपनीच्या पाइपात. बिल पाठवलं तर उत्तर आलं, ‘आम्हाला आधी कळवलं नव्हतं.’ पैसे गेले ते गेलेच.

नियम समजायला सोपा आहे. फक्त तुमच्या घराचं पाणी नेणारा आणि तुमच्या हद्दीतला ड्रेन तुमचा. हद्द ओलांडली की तो कंपनीचा. शेजाऱ्याचं पाणी त्यात येऊन मिळत असेल, तर तिथून पुढचा पाइप तुमच्या परसातून जात असला तरी कंपनीचाच. टेरेस्ड आणि सेमी-डिटॅच्ड, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत हे नेहमीचं आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०११ पासून असं आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे.

घोळ होतो तो तारखेत. १ जुलै २०११ रोजी जे पाइप सार्वजनिक लाइनला जोडलेले होते, तेच ऑक्टोबरमध्ये आपोआप कंपनीकडे गेले. घर त्यानंतरचं असेल तर कंपनीने ती लाइन रीतसर ताब्यात घेतली आहे का, हे पाहावं लागतं. घर घेताना सॉलिसिटरने दिलेल्या फाइलमध्ये ‘सेक्शन १०४’चा करार, म्हणजे बिल्डरने टाकलेली लाइन कंपनीने ताब्यात घेण्याचा करार, शोधा. नव्या वसाहतीतल्या बहुतेकांनी तो कागद कधी उघडूनही पाहिलेला नसतो.

दुसरी अडचण नकाशाची. ‘आमच्या नकाशात ही लाइन नाही, म्हणजे ती खासगी’ असं फोनवर सांगतात आणि आपली माणसं गप्प बसतात. हे मान्य करू नका. २०११ मध्ये ताब्यात आलेल्या कितीतरी लाइन नकाशावर चढलेल्याच नाहीत. माणूस पाठवून तपासणी करा, असा आग्रह धरा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. हद्द दाखवायला लँड रजिस्ट्रीचा टायटल प्लॅन (मालमत्तेची हद्द दाखवणारा सरकारी नकाशा) जोडा, पण त्यातली लाल रेघ ढोबळ असते, इंचाइंचाचा पुरावा नव्हे.

पाइप सामाईक आहे का, हे घरीच कळतं. अंगणातल्या चेंबरचं झाकण उघडा, शेजाऱ्यांना टॉयलेटमध्ये खाण्याचा रंग टाकून फ्लश करायला सांगा. लाल पाणी तुमच्या चेंबरमधून वाहताना दिसलं की प्रश्न मिटला. त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. चेंबरमध्ये मात्र उतरू नका.

फोन कुठे करायचा, हेही चुकतं. पाण्याची आणि सांडपाण्याची कंपनी एकच असेल असं नाही. केंब्रिजमध्ये नळाचं पाणी केंब्रिज वॉटरचं, सांडपाणी अँग्लियन वॉटरकडे. ब्रिस्टलमध्ये सांडपाणी वेसेक्स वॉटरकडे. बिलावर ‘स्यूअरेज’ कोणाच्या नावाने आहे ते बघा. रस्त्यावरची पावसाच्या पाण्याची जाळी तुंबली असेल, तरच काउन्सिल.

सेप्टिक टँक असेल तर खर्च मालकाचा. भाड्याने राहत असाल तर घरमालकाला कळवा. फ्लॅटच्या इमारतीच्या आवारातला ड्रेन सहसा फ्रीहोल्डरचा, म्हणजे इमारतीच्या आणि जमिनीच्या मूळ मालकाचा, आणि त्याचा खर्च सर्व्हिस चार्जमधून तुमच्याच खिशातून जातो. तुमच्या वाइप्समुळे किंवा सिंकमध्ये ओतलेल्या तुपामुळे लाइन बंद पडली, तर कंपनी खर्च तुमच्याकडून मागू शकते. इथल्या थंडीत तूप पाइपात दगडासारखं गोठतं.

कंपनीने नकार दिला तर कारण लेखी मागा आणि लेखी तक्रार करा. त्या उत्तरानेही समाधान झालं नाही, तर सीसीडब्ल्यू ही ग्राहकांची संस्था फुकट मदत करते, पण कंपनीकडे आधी तक्रार केल्याशिवाय ती प्रकरण हातात घेत नाही. आणि ड्रेन तुमच्याच हद्दीतला निघाला, तर प्लंबरला हो म्हणण्याआधी घराच्या विम्यात जमिनीखालच्या पाइपांचं कलम आहे का ते पाहा.