गुड लेंथला ‘गुड’ का म्हणतात?

क्रिकेटच्या नेट्समध्ये, म्हणजे जाळीतल्या सरावात, उभ्या राहिलेल्या प्रत्येक पोराने एक सूचना हजारदा ऐकलेली असते: ‘बॉल शेवटपर्यंत बघ.’ सांगणारा मनापासून सांगतो, ऐकणारा मान डोलावतो. वेगवान गोलंदाजाचा चेंडू शेवटपर्यंत सलग पाहणं मात्र दोघांपैकी एकालाही बहुधा जमलेलं नसतं.

हिशेब करून बघू. दोन्ही टोकांच्या पॉपिंग क्रीजमधलं (यष्ट्यांपुढच्या रेषांमधलं) अंतर १७.६८ मीटर. ताशी १४० किलोमीटरने सुटलेला चेंडू सेकंदाला साधारण ३९ मीटर जातो. हवेत आणि टप्प्यावर तो थोडा मंदावतो हे धरलं, तरी हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत यायला त्याला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. त्यातला किती वेळ फलंदाजाच्या हातात असतो?

ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ पीटर मॅक्लाउड यांनी १९८७ साली याचं उत्तर शोधलं. त्यांनी मॅटखाली लाकडी पट्ट्या अंथरल्या. चेंडू पट्टीच्या कडेला लागला, की कुठल्या कुठे वळायचा, आणि फलंदाजाला त्याचा आधी अंदाज येणं शक्यच नव्हतं. फलंदाजांच्या हालचालींचं चित्रीकरण तपासल्यावर दिसलं, की चेंडू वळल्यापासून बॅटची दिशा बदलायला साधारण ०.२ सेकंद लागतो. गंमत म्हणजे त्यात आंतरराष्ट्रीय सामने खेळलेले फलंदाज होते, आणि तेही या बाबतीत सामान्य माणसापेक्षा चपळ निघाले नाहीत. ‘त्याचे रिफ्लेक्सेस काय आहेत!’ असं आपण ज्याच्याबद्दल म्हणतो, त्याच्याकडेही तेच ०.२ सेकंद असतात.

आता हा आकडा घेऊन खेळपट्टीवर या. चेंडूचा टप्पा यष्ट्यांपासून किती लांब पडतो, त्याला लेंथ म्हणतात. यष्ट्यांपासून सात मीटरवर टप्पा पडला आणि बॅट यष्ट्यांपुढे दोन मीटरवर असली, तर टप्प्यानंतर चेंडूला पाच मीटर जायचं असतं. सेकंदाला ३० मीटर वेग धरला तर ०.१७ सेकंद. म्हणजे चेंडू वळलेला डोळ्यांना दिसतो, पण हातांना ते कळेपर्यंत तो बॅटला ओलांडून गेलेला असतो. वळण तरी किती लागतं? फक्त एक अंश! पाच मीटरमध्ये एक अंश म्हणजे जवळजवळ नऊ सेंटिमीटर. बॅटची रुंदी १०.८ सेंटिमीटर, तिची अर्धी ५.४, त्यात चेंडूची त्रिज्या साडेतीन-पावणेचार मिळवा. बेरीज नऊच्या घरातच येते. म्हणजे मधोमध लागणारा चेंडू एका अंशाने वळला, तर बॅटची अगदी बारीक कड घेतो. अशी कड घेतलेला झेल टिपायला यष्टिरक्षकाशेजारी उभ्या असलेल्या स्लिपमधल्या माणसाचं पोट या त्रिकोणमितीवर चालतं. दोन अंश वळला तर फलंदाज नुसता बीट होतो, म्हणजे चेंडू बॅटला न लागताच निघून जातो, आणि प्रेक्षक म्हणतात, ‘नशीबवान आहे लेकाचा.’

हीच गुड लेंथ, म्हणजे माणसाच्या मज्जासंस्थेची उणीव खेळपट्टीवर मांडलेली जागा. शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या गोलंदाजांनी स्टॉपवॉचशिवाय ती शोधली, याचं मला फार कौतुक वाटतं.

फलंदाजीचं तंत्र म्हणून जे शिकवलं जातं, ते बरंचसं या जागेतून निसटण्याच्या युक्त्यांचं असतं. पुढे पडलेल्या चेंडूवर पाय टाकून टप्प्याजवळ पोचायचं. टप्पा आणि बॅट यांत एकच मीटर उरला, तर एका अंशाचं वळण दोन सेंटिमीटरही भरत नाही, ते बॅटच्या रुंदीत मावतं. आखूड चेंडूवर उलटं करायचं. यष्ट्यांपासून दहा मीटरवर टप्पा पडला आणि तुम्ही मागे सरकून यष्ट्यांपुढे एका मीटरवर खेळलात, तर मध्ये नऊ मीटर राहतात, म्हणजे ०.३ सेकंद. आता वळण पाहून बॅट वळवायला सवड आहे. म्हणून अर्धवट पुढे आलेला पाय सर्वांत घातक. धड वळण मरत नाही, धड वेळ मिळत नाही.

पण पुढे की मागे, हा निर्णय टप्पा पडायच्या आत घ्यायचा असतो. तो कसा घेतला जातो, हे दृष्टीचे अभ्यासक मायकेल लँड आणि मॅक्लाउड यांनी २००० साली डोळ्यांच्या हालचाली टिपणारा कॅमेरा फलंदाजांच्या डोक्यावर बसवून पाहिलं. फलंदाज चेंडू सुटताना तो बघतो, क्षणभर माग काढतो, आणि मग त्याची नजर चेंडूला सोडून टप्पा पडणार त्या जागी उडी मारते. तिथे ती चेंडूची वाट बघत थांबते. चांगल्या फलंदाजाची उडी लवकर पडते, कच्च्याची उशिरा. ‘शेवटपर्यंत बघ’ या सूचनेत मोलाचं आहे ते हे: सुरुवात नीट बघ.

सुरुवातही चेंडू सुटण्याआधीच होते. गोलंदाजाचा धावेचा सूर, खांदा, मनगट यांतून मुरलेला फलंदाज लेंथचा वास घेतो. बॉलिंग मशीनला ना खांदा ना मनगट. मशीनसमोर फटक्याचा आकार घोटता येतो, पण अंदाज बांधायची सवय लागत नाही. केवळ मशीनवर तासन्‌तास घालवणाऱ्या मुलांबद्दल मला म्हणूनच थोडी काळजी वाटते.

नजर तीक्ष्ण हवी, हा समजही तपासून पाहिला गेलाय. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी फलंदाजांना मुद्दाम चुकीच्या नंबरच्या लेन्स घालून खेळवलं. दृष्टी चांगलीच धूसर होईपर्यंत त्यांच्या खेळात फारसा फरक पडला नाही. कसोटीत ९९.९४ धावांची सरासरी असलेले ऑस्ट्रेलियाचे फलंदाज डॉन ब्रॅडमनही लष्कराच्या तपासणीत नजरेच्या बाबतीत उणेच ठरले होते. लहानपणी ते घरामागच्या पाण्याच्या टाकीखालच्या विटांच्या भिंतीवर गोल्फचा चेंडू मारायचे आणि वेडावाकडा उसळून येणारा तो चेंडू स्टंपने टोलवायचे. म्हणजे त्यांचा सराव होता तो अंदाजाचा.

तुमच्या पुढच्या नेटमध्ये एक करून बघा. पॅड-हेल्मेट घालून यष्ट्यांमागे, जाळीच्या पलीकडे, बॅट न घेता उभे राहा. चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटताक्षणी मोठ्याने ओरडा, ‘पुढे’ किंवा ‘मागे’. मग टप्पा कुठे पडला ते बघा. पहिल्या दिवशी तुमचा आवाज टप्प्यानंतर फुटेल.