डोनेशन ते निम्मी फी

'नंबर लागला, पण खर्च किती बसणार?' हा प्रश्न मराठी घरांत खऱ्या अर्थाने १९८३ नंतर आला. त्याआधी इंजिनिअरिंगची कॉलेजं मोजकीच, बहुतेक सरकारी नाहीतर अनुदानित. नंबर लागला तर फी किरकोळ, नाही लागला तर बीएस्सी. ऐपत असलेले डोनेशन मोजून कर्नाटकात जात. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली, तेव्हा हाच पैसा राज्यात राहील असं सांगितलं जायचं. विनाअनुदानित म्हणजे प्राध्यापकांचा पगार, इमारत, लॅब, सगळं पोरांच्या फीमधून.

१९८७ मध्ये राज्याने कॅपिटेशन फीवर, म्हणजे याच डोनेशनवर, बंदीचा कायदा केला. डोनेशन थांबलं नाही, त्याची पावती मात्र बंद झाली.

पुढचा इतिहास कोर्टात घडला. १९९२ च्या मोहिनी जैन खटल्यात कर्नाटकातल्या एका मेडिकल कॉलेजची फी समोर आली: सरकारी कोट्यातल्याला वर्षाला २ हजार, परराज्यातल्या मुलीला ६० हजार. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने निम्म्या जागा 'फ्री सीट' आणि निम्म्या 'पेमेंट सीट' केल्या. पेमेंटवाल्याने फ्रीवाल्याचा भार उचलायचा. ऐकायला न्याय्य, पण चांगल्या क्लासला गेलेलं शहरी पोर मार्कांवर फ्री सीट घेई आणि खेड्यातला बाप पेमेंट सीटसाठी शेत गहाण टाकी. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या अकरा न्यायाधीशांनी ही पद्धत मोडीत काढली. मग फी ठरवायला समित्या आल्या आणि २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण. कॉलेजने दाखवलेल्या खर्चावर फी ठरते, म्हणून एकाच शहरात, एकाच ब्रँचची फी दोन कॉलेजांत वेगळी असते.

मराठा मोर्चांच्या काळात, २०१६ मध्ये, ईबीसी म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांच्या फीसवलतीची उत्पन्नमर्यादा १ लाखावरून ६ लाखांवर गेली, पुढे ८ लाखांवर. योजनेला नाव राजर्षी शाहू महाराजांचं. कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशफेरीतून, प्रवेश असेल तर निम्मी ट्यूशन फी आणि निम्मी परीक्षा फी सरकार भरतं, २०२४-२५ पासून मुलींची पूर्ण. मॅनेजमेंट कोट्याला काही नाही.

गंमत अशी, की शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढलं ते खेड्यातल्या पोराची अडचण राहण्याजेवणाची आहे हे ओळखून. त्यांच्या नावाची योजना खोलीभाड्याला हात लावत नाही. त्यासाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता वेगळा, तोही मुख्यतः अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी.

बँकेचं शैक्षणिक कर्ज २००१ च्या बँकांच्या आदर्श कर्जयोजनेपासून सर्वसामान्यांच्या आवाक्यात आलं. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण सहसा आईबापांपैकी एकाला सहकर्जदार म्हणून सही करावी लागते. बाकी डिपॉझिट, लॅपटॉप, मेसचा महिना. हे अजूनही भिशी फुटली की नाहीतर आईच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या की भागतं.