एक सांगाडा, अनेक नळ्या : मोडत्या रायफलीच्या नळीबाजाराची पार्श्वभूमी

शिराळा, पाटण, जावळी या डोंगरकडेच्या तालुक्यांत पीक संरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी अजून काही घरांत सापडते. वरची कळ सरकवली की नळी पुढे झुकते, मागचं तोंड उघडतं, काडतूस आत जातं आणि नळी खटकन मिटते. हीच मोडती बंदूक. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, निकालानंतर परत. एरवी तिचं काम रानडुकरांना आवाज ऐकवण्याचं. गव्यावर ती रोखायची सोय नाहीच, तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला प्राणी.

हीच रचना अमेरिकेत एका भल्यामोठ्या छंदाचा पाया झाली. तिथला शौकीन एकच सांगाडा, म्हणजे नळी सोडून उरलेली बंदूक, घेतो आणि कपाटात चार-पाच नळ्या बाळगतो: एक बारीक बोअरची (बोअर म्हणजे नळीचं भोक), एक हरणासाठी, एक लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी. त्यातल्या बऱ्याच मूळ कंपनीच्या नसतात, दुसऱ्याच कुणी बनवलेल्या असतात. मोबाइलवर असले व्हिडिओ पाहून आपल्याकडचा परवानाधारक हमखास विचारतो, असली अचूक नळी आपल्या बंदुकीला का मिळत नाही? याचं अर्धं उत्तर लोखंडात आहे आणि अर्धं कायद्यात. माझ्या मते कायद्याचं अर्धं जास्त जड आहे, पण सुरुवात लोखंडापासूनच करावी लागते.

मोडून उघडणारी बंदूक पॅरिसच्या लेफोशो नावाच्या कारागिराने १८३० च्या दशकात चालण्याजोगी केली. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात इंग्रज कारागिरांनी ती पाहिली, आधी नाकं मुरडली आणि मग स्वतःच बनवायला घेतली. १८७५ मध्ये वेस्टली रिचर्ड्स कंपनीतल्या अँसन आणि डीली यांनी जी आतली यंत्रणा बसवली, तिचाच साचा आजही बहुतेक दुनळ्यांत दिसतो. नळी आणि सांगाडा यांचा सांधा मात्र कारागिराच्या हातावर अवलंबून राहिला. नळीच्या खालच्या गुट्ट्याला दिव्याची काजळी लावायची, नळी मिटवायची, पुन्हा उघडायची. काजळी जिथे पुसली गेली तिथे धातू टेकतोय. तेवढाच भाग कानशीने एक हात घासायचा आणि पुन्हा काजळी. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारा माणूस घोडीवर तार कुठे टेकते हे जसं पाहतो, तसलंच हे काम, फक्त इथे चूक झाली तर सूर बिघडत नाही, सांधा खिळखिळा होतो. इतकं हातकाम असल्यावर दुसऱ्या कुणाची नळी आणून बसवणं शक्यच नव्हतं. दोन नळ्या हव्या असतील तर त्या त्याच कारखान्यातून, त्याच पेटीत घालून यायच्या.

अचूक नळीचा शोध दुसऱ्याच वाटेने चालला होता. अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मनांच्या नेमबाजी मंडळांत २०० यार्डांवर उभ्याने नेम धरायची स्पर्धा असे. तिथे हॅरी पोप (१८६१-१९५०) या कारागिराच्या नळ्यांचा दबदबा होता. त्याची रीत ऐकून आज हसू येईल: दारू भरलेलं काडतूस मागून घालायचं आणि गोळी मात्र नळीच्या पुढच्या तोंडातून ठासायची, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांचे व्रण गोळीवर आधीच नीट उमटतात आणि तिचं बूड कुठे फाटत नाही. १९०१ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने त्याचा नळीचा धंदाच घेतला. पोपची नळी एकबारी, म्हणजे एका वेळी एकच काडतूस भरायच्या, रायफलींवरच बसे, पण त्या बहुतेक मोडत्या नव्हत्या. मागचा ठोकळा खाली सरकवून उघडणाऱ्या होत्या. त्या काळात मोडती रायफल हलक्याफुलक्या कामाचीच समजली जाई. इंग्लंडात कावळे टिपायला म्हणून निघालेल्या बारीक बोअरच्या एकनळ्या, अमेरिकेत पोराटोरांच्या हातात द्यायच्या स्वस्त बंदुका. जो नेमबाज खरंच गंभीर होता, तो बिजागरीवर भरवसा ठेवत नसे.

त्याचं कारणही रास्त होतं. बार उडाला की काडतुसाचं बूड मागच्या भिंतीवर आदळतं, आणि सांगाड्याला नळी धरून ठेवणारी पिन असते खाली, नळीच्या अक्षाच्या बाहेर. म्हणजे प्रत्येक बारागणिक सांधा उघडायला पाहतो. जुन्या .३०-३० काडतुसाचा कमाल दाब ४२,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) आणि .३०-०६ चा ६०,०००. दुसऱ्याला धरून ठेवायचं तर सांगाडा वेगळाच लागतो.

१९६७ मध्ये हे चित्र पालटलं. न्यू हँपशरमधल्या रॉचेस्टर गावी केनेथ थॉम्पसनचा धातूकामाचा कारखाना होता. वॉरन सेंटर हा बंदुकांचा रचनाकार तिथे आला आणि दोघांच्या नावाने थॉम्पसन सेंटर कंपनी निघाली. तिचं पहिलं हत्यार काँटेंडर, म्हणजे मोडतं एकबारी पिस्तूल. पुढचा लाकडी हातधर सोडवायचा, बिजागरीची पिन बाहेर ढकलायची, नळी उचलायची, दुसरी ठेवायची, पिन परत घालायची. कानस नाही, काजळी नाही. सांगाड्यात काठावर ठोकणारी आणि मधोमध ठोकणारी अशा दोन्ही टाचण्या होत्या, त्यामुळे एका दिवशी .२२ ची स्वस्त काडतुसं आणि दुसऱ्या दिवशी शिकारीची, असं एकाच सांगाड्यावर जमे.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. बोल्ट रायफलीची, म्हणजे मागचा दांडा सरकवून काडतूस भरायच्या रायफलीची, नळी बदलली की दुर्बीण सांगाड्यावरच राहते आणि नेम पहिल्यापासून लावत बसावा लागतो. काँटेंडरची दुर्बीण नळीवरच बसते. नळी दुर्बिणीसकट निघते, दुर्बिणीसकट बसते, आणि सांधा चांगला असेल तर नेम जवळजवळ जिथल्या तिथे राहतो. या एका सोयीने नळी हा सुटा भाग न राहता जवळपास पूर्ण रायफलच झाली.

मग स्पर्धांनी तेल ओतलं. पोलादी कोंबडी, डुक्कर, टर्की आणि मेंढा यांचे पुतळे ५० ते २०० मीटरवर उभे करून पाडायचा खेळ मेक्सिकोतून अमेरिकेत आला आणि १९७६ मध्ये हातबंदुकांसाठी त्याची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. २०० मीटरवरचा मेंढा नुसता लागून भागत नाही, आडवा पडावा लागतो. पिस्तुलातून एवढं करायचं तर काडतूस दमदार हवं आणि नळी नेमकी. ओहायोमध्ये जे. डी. जोन्सने एसएसके इंडस्ट्रीजतर्फे स्वतःची काडतुसं आणि त्यांच्या नळ्या बनवल्या. युटा राज्यात बुलबेरी आणि मॅच ग्रेड मशीन या छोट्या कार्यशाळा याच सांगाड्यांच्या नळ्यांवर उभ्या राहिल्या. पुढे कंपनीने .३०-०६ सारखी काडतुसं पेलणारा एनकोर हा दणकट सांगाडा आणला आणि पिस्तुलाचा छंद पुरता रायफलीचा झाला. काँटेंडरची नळी एनकोरला बसत नाही, हे मात्र अनेकांना पैसे मोजल्यावर कळे.

स्पेनच्या बास्क भागातल्या बर्गाराने याच बाजारात नळ्या घालून नाव कमावलं. उलट हॅरिंग्टन अँड रिचर्डसनची हँडी रायफल ही गरिबाची मोडती रायफल. तिलाही जादा नळी मिळे, पण तुमचा सांगाडा कारखान्यात पाठवावा लागे आणि ते लोक नळी जुळवून परत पाठवत. म्हणजे काजळी-कानशीचा जमाना तिथे शेवटपर्यंत चालला. त्या रायफलींचं उत्पादन २०१५ मध्ये थांबलं. थॉम्पसन सेंटर २००७ मध्ये स्मिथ अँड वेसनकडे गेली, २०२१ मध्ये तिनेही उत्पादन थांबवलं आणि २०२४ मध्ये ती जुन्या मालकांपैकी एकाकडे परतली. कंपनी बंद असताना सांगाडे मात्र लाखो घरांत होतेच. त्या वर्षांत हा छंद बाहेरच्या नळीकारांनी जगवला.

आता हे लोक नळी निवडताना पाहतात काय? जाहिरातीत पोलाद आणि खाचा पाडायची पद्धत यांचाच गाजावाजा. एका दातऱ्याने एकेक खाच कोरणं, कठीण धातूचं बटण ओढून खाचा उमटवणं, किंवा साच्याभोवती नळी हातोड्यांनी ठोकून घडवणं, या तीन मुख्य पद्धती. तिन्हीतून उत्तम नळ्या निघतात आणि तिन्हीतून टाकाऊही. त्यावरची भांडणं मला फुकाची वाटतात.

पीळ, म्हणजे किती लांबीत खाचा एक पूर्ण फेरा घेतात, तो मात्र खरा महत्त्वाचा. वूलिचच्या लष्करी अकादमीतले गणिताचे प्राध्यापक जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये दिलेला हिशेब अजूनही पहिल्या अंदाजाला चालतो: गोळीच्या व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणा आणि गोळीच्या लांबीने भागा. .२२४ इंच व्यासाची, पाऊण इंच लांबीची गोळी घेतली तर उत्तर साधारण १० येतं, म्हणजे १० इंचांत एक फेरा. तीच गोळी १ इंच लांब केली तर साडेसात इंचांत फेरा हवा. हॉर्नेट या बारीक काडतुसाच्या नळीला बहुधा १६ इंचांचा पीळ असतो. तिच्यातून लांब, जड गोळी सोडली तर ती आडवी होऊन कागदाला भोक पाडते, आणि मग दोष दुर्बिणीला दिला जातो.

दुसरी गोष्ट चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तो खण. कारखान्याच्या नळीला बाजारातलं कुठलंही काडतूस चाललं पाहिजे, म्हणून तिचं चेंबर सैलसर आणि खाचा सुरू होण्याआधीची जागा लांब ठेवतात. बाहेरचा नळीकार एका गिऱ्हाइकाच्या एका गोळीसाठी ती जागा आखूड करू शकतो. बाहेरच्या नळीची कीर्ती मोठ्या प्रमाणात या घट्टपणाची आहे. बुडाला कडा असलेलं काडतूस मोडत्या रचनेत निमूट बसतं, कारण कडेवरच त्याची जागा ठरते. बिनकडेच्या काडतुसाला खांद्यावर, म्हणजे ते जिथे निमुळतं होतं तिथे, टेकावं लागतं, तिथे मिलिमीटरचा दहावा हिस्साही चुकला तर काडतूस ताणलं जातं.

शेवटी परत बिजागरी आलीच. पिनीच्या भोकात नळी हलत असेल तर हजारांची नळीही फेर धरते. म्हणून तिथे किंचित जाड पिन बनवून घेतात, हातधराचा दाब नळीवर नीट पडतो का ते तपासतात, कुलपाचे खटके घासून जुळवतात. यातलं कुठलंच काम दिखाऊ नाही, आणि बहुधा नव्या नळीआधी करून पाहावं असं हेच आहे.

आता कायदा. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने बंदूक म्हणजे सांगाडा. नोंद त्याची, चौकशी त्याच्या खरेदीदाराची. नळी हा नुसता माल, टपालाने घरी येतो. १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात काँटेंडर पिस्तूल आणि त्याला कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, करणारा संच यांवरून खटला गाजला, आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. मोकळा नळीबाजार या व्याख्येवर उभा आहे. जर्मनीत नळी हा शस्त्राचा मूलभूत भाग, तिची स्वतंत्र नोंद. म्हणून तिथे ब्लेझरच्या के ९५ सारख्या देखण्या मोडत्या रायफलीला नळ्या मिळतात, पण त्या बहुतांशी त्याच कंपनीच्या आणि भारी किमतीच्या. घरगुती नळीकारांचा सुळसुळाट तिथे झालाच नाही.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्रे’ या व्याख्येतच शस्त्रांचे भाग आणि ती बनवायची यंत्रंही येतात. सुटी नळी म्हणजे शस्त्रच. कलम ५ प्रमाणे शस्त्र बनवणं, बदलणं, एवढंच काय दुरुस्त करणं हेसुद्धा परवान्याचं काम. नळी आखूड करणं कलम ६ ने परवान्याशिवाय बंद आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका प्रकारचं हत्यार दुसऱ्या प्रकारात बदलणंही त्याच कलमात घातलं. म्हणजे बारा बोअरच्या एकनळीला रायफलची नळी बसवणं थेट तिथेच अडकतं. त्याच दुरुस्तीने सामान्य परवान्यावरची हत्यारं तीनावरून दोनावर आणली आणि बेकायदा बनावटीला किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप ठेवली. बाहेरून मागवायची वाट तर ऐंशीच्या दशकातच सामान्य परवानाधारकाला बंद झाली. बहुतेक शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संपली होती, त्यामुळे तक्रार करायलाही फारसं कुणी उरलं नव्हतं.

हे स्पष्ट लिहायचं कारण असं की आपल्या भागात लोखंडाची भीती कुणालाच नाही. किर्लोस्करवाडी १९१० पासूनची. कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीत लेथवर शंभरांश मिलिमीटरात काम करणारे हात गल्लोगल्ली सापडतील, आणि ‘एक नळीच तर आहे, टर्न करून दे’ असं चहाच्या टपरीवर म्हणणाराही भेटतो. त्या टर्नरला काम जमेलही. पण ते न केलेलं बरं, आणि केवळ शिक्षेच्या भीतीने नव्हे. साध्या पोलादाच्या, दाबाला न तपासलेल्या नळीत ६०,००० पीएसआयचं काडतूस घालून चेहरा तिच्या मागे धरायचा असतो.

या पट्ट्यात अचूक नळीची हौस कायदेशीरपणे भागते ती .२२ च्या नेमबाजीत. शेजारच्या कोल्हापूरने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून नेम धरायच्या प्रकारात, जगज्जेती ठरलेली तेजस्विनी सावंत दिली, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्य घेणारा स्वप्निल कुसाळे कांबळवाडीचा. त्यांच्या रायफलीही एकेक काडतूस घालायच्याच, पण बोल्टच्या. नामवंत खेळाडूंना आयातीची आणि जादा हत्यारांची सवलत आहे, तरी त्यांची पहिली धडपड नळी बदलण्याची नसते. रायफल शिकंज्यात पकडतात, एकाच कंपनीच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट त्याच नळीतून उडवतात आणि कागदावर सगळ्यात लहान घोळका कुठला पडतो ते पाहतात. मग परवान्याला परवानगी असेल तेवढा तो लॉट उचलतात.

गावाकडच्या मोडत्या एकनळीला राहतो तो सांध्याचा उपाय. मिटलेली नळी धरून आडवी हलवली आणि कटकट वाजली, तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे जाऊन पिन आणि खटके जुळवून घेता येतात. दारात पाऊल टाकल्यावर तो आधी परवाना मागतो, बंदूक नंतर.