कुंपणाआधी हद्द कायम मोजणी : अर्ज, कागदपत्रे आणि कुंपणाची निवड

तार विकत घेण्याआधी हद्द पक्की करा. बांधावरचा एक खांब चुकीच्या जागी पडला तर भांडण वर्षानुवर्षे चालते, आणि काँक्रीटमध्ये बसवलेला खांब उपटणे महागात पडते.

हद्द कायम मोजणीचा, म्हणजे सरकारी मोजणीने हद्द ठरवून घेण्याचा अर्ज भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयाकडे ई-मोजणी या ऑनलाइन प्रणालीतून करायचा. अर्जदाराचे नाव सातबाऱ्यावर हवे. सोबत चालू सातबारा, आधार आणि सहधारक असल्यास त्यांची संमती लागते. फी क्षेत्रावर आणि मोजणी नियमित की द्रुतगती, यावर ठरते. भावाभावांची वाटणी तोंडी झाली असेल, तर तुमच्या तुकड्याची हद्द कायम होत नाही. आधी पोटहिस्सा मोजणी, म्हणजे गटातल्या प्रत्येकाच्या हिश्श्याची वेगळी मोजणी करावी लागते.

लगतच्या खातेदारांची नावे आणि पत्ते मात्र बारकाईने भरा. बहुतेक अर्ज इथेच फसतात. मयत शेजाऱ्याचे नाव टाकले की मोजणीची नोटीस परत येते आणि पुढे त्याचे वारस 'आम्हाला कळवलेच नाही' म्हणून हरकत घेतात. शेजाऱ्यांची चालू नावे त्यांच्या सातबाऱ्यावरून घ्या.

मोजणी पीक निघाल्यावर ठेवा; उभ्या उसात जुन्या खुणा सापडत नाहीत. त्या दिवशी दगड, मजूर आणि चुना तयार ठेवा. नंतर 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा मिळतो. ती मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणीचा, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणीचा अर्ज करता येतो.

आता कुंपण. रानडुकराला काटेरी तार अडवत नाही, ते खालून घुसते. त्यासाठी चेनलिंक जाळी फूटभर जमिनीत गाडा. सौर झटका यंत्र लावायचे तर खालची तार गवतापासून मोकळी ठेवा. गवत टेकले की झटका उतरतो. उन्हाळ्यात मुरमाड रान कोरडे पडते, तेव्हा अर्थिंगला पाणी घाला. तारेत घरची वीज सोडू नका. त्याने माणूस मरतो आणि तो गुन्हा आहे.

खर्च क्षेत्रापेक्षा आकारावर ठरतो. चौकोनी एक एकराचा परीघ सुमारे 835 फूट, म्हणजे 10 फुटांवर 84 खांब. तोच एकर 66 बाय 660 फुटांची पट्टी असेल, तर 1,452 फूट आणि 146 खांब. कोपऱ्यांना तिरके टेकू द्या, नाहीतर तार ताणताना खांब झुकतो.

खांब हद्दीच्या दगडापासून फूटभर आत रोवा. वहिवाटीच्या गाडीवाटेवर कुंपण आणले, तर मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 नुसार तहसीलदार ते काढायला लावू शकतात.