मडफ्लॅप आणि साइड रेल : ऑफ-रोड वाहनांवरील जोडणी व फेरबदल

चाकामागे लोंबती सोडलेली रबराची किंवा प्लास्टिकची पट्टी म्हणजे मडफ्लॅप. फिरत्या टायरने उडवलेली खडी, चिखल आणि पाणी ती अडवते. पुढच्या व मागच्या चाकांच्या मधल्या भागात, दारांच्या उंबऱ्याखाली बसवलेली पोलादी नळी किंवा चौकट म्हणजे साइड रेल. या दोन वस्तू सहसा वेगवेगळ्या वेळी घेतल्या जातात, पण पुढच्या चाकामागे दोघींना एकाच वीतभर जागेत बसायचे असते. त्यामुळे त्यांची जोडणी हे एकच काम धरून आखावे : आधी रेल, मग फ्लॅप. उलट क्रमाने गेल्यास फ्लॅपला नवी भोके पाडावी लागतात, आणि रबरात शेजारीशेजारी पडलेली दोन भोके म्हणजे फाटण्यासाठी आखून दिलेली रेघच.

साइड रेलमध्ये दोन अगदी भिन्न गोष्टी मोडतात, आणि त्यांची गल्लत महागात पडते. पहिली म्हणजे फूटस्टेप, म्हणजे पाय ठेवून चढण्याची पायरी. तिची नळी पातळ आणि ब्रॅकेट हलके असतात. ती माणसाचे वजन पेलते, गाडीचे नाही. खडकावर बसली की ती वर वाकते, उंबरा चेपते आणि दार अडकवते. शिवाय ती उंबऱ्याच्या खाली लोंबत असल्याने दोन चाकांमधून उंचवटा पार करण्याचा कोनही कमी करते. दुसरी गोष्ट म्हणजे रॉक स्लायडर. त्यावर गाडी टेकून घसरावी याच हेतूने तो बनवलेला असतो. दोहोंतला फरक तपासायची सोपी कसोटी आहे. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करावी, पलीकडच्या चाकांना अडण्या लावाव्यात आणि रेलच्या मधोमध जॅक लावून त्या बाजूची दोन्ही चाके सुटेपर्यंत उचलावे. खाली उतरवल्यावर रेल मूळ जागी परत आली तर तो स्लायडर. वाकलेलीच राहिली तर ती पायरी. उचललेल्या गाडीखाली हात किंवा डोके घालू नये.

स्लायडरसाठी 48.3 मि.मी. बाहेरील व्यासाची आणि 4 मि.मी. जाडीची पोलादी नळी चांगली पुरते. तिचे वजन मीटरला सुमारे 4.4 किलो भरते. जाडी 3.2 मि.मी. घेतल्यास ते साडेतीन किलोवर येते, पण मग नळीला गाडीशी जोडणारे तुकडे, म्हणजे पाय, एकमेकांच्या जवळ द्यावे लागतात. एका बाजूला तीन किंवा चार पाय आणि प्रत्येक पायाच्या मुळाशी 6 मि.मी.ची पट्टी ठेवतात. पाय आडवे न ठेवता बाहेरच्या टोकाला 10 ते 15 अंश वर उचलतात. त्यामुळे जमिनीपासूनची उंची राखली जाते आणि बाजूने आलेला खडक उंबऱ्याआधी नळीवर आदळतो.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न म्हणजे रेल कशाला जोडायची. शिडीसारख्या स्वतंत्र चासीच्या गाड्यांत, उदाहरणार्थ सुझुकी जिम्नी किंवा 2016 पर्यंत बनलेली लँड रोव्हर डिफेंडर, बॉडी चासीवर वेगळी, बहुधा रबरी माउंटवर, बसलेली असते. खडबडीत वाटेवर चासी पिळली जाते आणि बॉडी तिच्या सापेक्ष हलते. अशा गाडीत रेल फक्त चासीला धरावी आणि नळी व उंबरा यांत 20 ते 25 मि.मी. मोकळी जागा ठेवावी. ही जागा दिसायला ओंगळ वाटते म्हणून ती भरून काढणारे काही दिवसांतच रंग खरवडलेला आणि पत्रा दुमडलेला पाहतात. लाडा निवा किंवा 1984 ते 2001 मधली जीप चेरोकी यांसारख्या एकसंध बॉडीच्या गाड्यांत मात्र अशी वेगळी चासी नसते. तिथे भार उंबऱ्याच्या लांबीभर पसरवणारी पट्टी लागते. दोनच ठिकाणी घट्ट धरल्यास पत्रा त्या जागी फाटतो.

चासीला रेल बोल्टने धरणे बरे, कारण पुढे ती काढता येते. शक्यतो कारखान्यातली भोके वापरावीत. नवे भोक पाडायचेच तर ते चासीच्या उभ्या बाजूच्या मध्यावर पाडावे. वाकण्याचा ताण वरच्या व खालच्या कडेला सर्वाधिक असतो, म्हणून त्या कडांना हात लावू नये. पेटीसारख्या पोकळ चासीतून आरपार बोल्ट जात असेल, तर आत नळीचा आधार देणे अनिवार्य आहे. तो नसेल तर नट आवळताना पेटीच दबते, काही दिवसांनी बोल्ट सैल होतो आणि दोष बोल्टच्या माथी मारला जातो. 8.8 दर्जाचा एम10 (म्हणजे 10 मि.मी. व्यासाचा) बोल्ट सुमारे 45 ते 50 न्यूटन-मीटर, तर एम12 सुमारे 80 ते 85 न्यूटन-मीटरने आवळावा. ड्रिल चालवण्याआधी चासीच्या आतल्या बाजूने जाणारी ब्रेकची व इंधनाची नळी आणि वायरिंग हाताने चाचपून पाहावे.

रेलमध्ये फेरबदल बहुधा मोठे टायर घातल्यावर करावा लागतो. स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायरची मागची कड फ्लॅपला ढकलते, आणि फ्लॅप मागे रेलच्या टोकावर दाबला जातो. रेल किती कापायची हे सपाट जमिनीवर ठरवू नये. एक पुढचे चाक उंचवट्यावर चढवून सस्पेन्शन दाबलेले असताना, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून मोजावे. टायर आणि फ्लॅप यांत किमान 25 ते 30 मि.मी. आणि फ्लॅपच्या मागे, रेलच्या टोकापर्यंत, आणखी 20 मि.मी. अंतर हवे. टायरला चिकटलेला चिखलही जागा खातो, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. कापताना नळीचे तोंड सरळ न ठेवता तिरपे घ्यावे, खालची कड मागे आणि वरची पुढे. तिरपे टोक खडकावर चढते, सरळ टोक त्याला धडकते.

कापलेले तोंड 3 ते 4 मि.मी.च्या पत्र्याने वेल्ड करून बंद करावे आणि नळीच्या सर्वांत खालच्या जागी 6 ते 8 मि.मी.चे भोक ठेवावे. उघडे तोंड चिखल भरून घेते, तर पूर्ण बंद नळीत बारीक फटींतून शिरलेले पाणी अडून राहते आणि नळी आतून गंजते. वेल्डिंगसाठी रेल गाडीवरून काढणे सर्वांत चांगले. जागेवरच करावे लागले तर बॅटरीची ऋण बाजू सोडावी, अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावावा, आसपासच्या रबरी व इंधनाच्या नळ्या हटवाव्यात आणि अग्निशामक हाताशी ठेवावा. जस्ताचा मुलामा असलेली नळी असेल तर वेल्डच्या दोन्ही बाजूंचा मुलामा आधी घासून काढावा. जस्ताच्या धुराने ताप येतो आणि वेल्डमध्ये छिद्रेही पडतात. शेवटी घासलेल्या जागेवर प्रायमर आणि रंग.

आता फ्लॅप. कापडाचे थर असलेले 4 ते 6 मि.मी.चे रबर फाटायला चिवट असते. साधे रबर स्वस्त, पण भोकापासून फाटत जाते. पॉलियुरेथेन हलके आणि लवचीक असते. कडक प्लास्टिक दिसायला नेटके, मात्र खडकाला लागले की तडकते. फ्लॅपची रुंदी टायरच्या पूर्ण रुंदीपेक्षा दोन्हीकडे 10 मि.मी. जास्त असावी. टायर मडगार्डबाहेर येत असेल तर फ्लॅपही तितकाच बाहेर हवा, नाहीतर दाराच्या खालच्या भागाचा रंग खडीने पहिल्याच प्रवासात उडतो. खालची कड जमिनीपासून सुमारे 250 मि.मी. ठेवल्यास संरक्षणही मिळते आणि फ्लॅप जमिनीवर अडकतही नाही. सायलेन्सरच्या तोंडापासून किमान वीतभर अंतर राखावे. उष्णतेने रबर कडक होऊन चिरते.

रबरात भोक ड्रिलने न पाडता गोल पंचाने ठोकावे. ड्रिल रबर ओरबाडते आणि त्याच खडबडीत कडेपासून चीर सुरू होते. भोकाचे केंद्र कडेपासून किमान 20 मि.मी. आत असावे. नुसता वॉशर पुरत नाही. फ्लॅपच्या मागे 25 मि.मी. रुंद, 3 मि.मी. जाड अॅल्युमिनियमची पट्टी देऊन एम6 चे तीन-चार बोल्ट नायलॉक नटांसह (आत नायलॉनचे कडे असलेले, सहज सैल न होणारे नट) लावावेत. पट्टीखाली रबर जरासे फुगलेले दिसले की थांबावे. पत्र्याच्या मागे हात पोहोचत नसेल तर रिव्हनट, म्हणजे एकाच बाजूने बसवता येणारा आट्यांचा नट, वापरतात. एम6 साठी बहुधा 9 मि.मी.चे भोक लागते. पत्र्यात पाडलेल्या प्रत्येक भोकाची कड घासून तिथे लगेच प्रायमर लावावा. स्टेनलेस बोल्ट आणि अॅल्युमिनियम यांच्या मध्ये नायलॉनचा वॉशर किंवा गंजरोधक ग्रीस ठेवावे, कारण खारट ओलाव्यात अॅल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते.

फ्लॅपचे खालचे टोक वेगात फडफडू नये म्हणून ते साइड रेलच्या टोकाला छोट्या पट्टीने बांधण्याची पद्धत आहे. कल्पना चांगली, पण स्वतंत्र चासीच्या गाडीत फ्लॅपची वरची बाजू बॉडीला आणि खालची चासीला धरली जाते, आणि दोघींच्या हालचालीत फ्लॅप ताणला जाऊन भोकाशी फाटतो. यावर उपाय म्हणजे रेलवरच्या पट्टीत गोल भोकाऐवजी 8 × 20 मि.मी.ची लांबट खाच, मध्ये रबरी वॉशर आणि बोल्ट हलता राहील इतपतच आवळलेला नायलॉक नट. फ्लॅप व रेल यांमधली जागा खालून मात्र उघडीच ठेवावी. ती बंद केली तर तिथे चिखलाचा गोळा साचतो, आठवडाभर ओला राहतो आणि उंबरा आतून गंजायला लागतो.

मागचे फ्लॅप तुटतात ते जवळजवळ नेहमी गाडी मागे घेताना : खालची कड दगडावर अडते, टायर तिच्यावर चढतो आणि फ्लॅप बोल्टांसकट उपटला जातो. कधी मडगार्डचा पत्राही सोबत येतो. म्हणून मागचे फ्लॅप बॉडीच्या पत्र्याऐवजी चासीवरच्या ब्रॅकेटला लावावेत आणि दोन खिट्या काढल्या की सुटतील असे ठेवावेत. खालच्या कडेला साखळी जोडून खडकाळ भागात फ्लॅप वर अडकवून ठेवण्याची सोयही चांगली चालते. खोल चिखलातून बाहेर आल्यावर फ्लॅपच्या मागची बाजू धुवावी, आणि नव्या जोडणीनंतर पहिल्या 100 ते 200 किलोमीटरनंतर रेलचे सर्व बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत.