प्रौढ शिक्षण ऑनलाइन गेलं, त्याच्या आधीचं बरंच काही

प्रौढांसाठी ई-लर्निंगची कुठलीही योजना उघडून बघा, त्यात 'कम्युनिटी पार्टनर' हा शब्द असतोच. म्हणजे लायब्ररी, कामगार संघटना, एखादं मंडळ, असं कुणीतरी लोकांच्या ओळखीचं. वाचताना वाटतं हे इंटरनेट आल्यावर कुणाला तरी सुचलं असेल. तसं नाहीये. उलट दर वेळी नवीन तंत्र आलं की हा मधला माणूस आधी विसरला जातो, आणि पटावरची नावं गळायला लागली की मग त्याची शोधाशोध सुरू होते.

घरबसल्या शिकणं सुरू झालं ते पोस्टामुळे. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये पेनी पोस्ट आलं, पत्र स्वस्तात जायला लागलं आणि आयझॅक पिटमनने लगेच शॉर्टहँडचे धडे पोस्टाने पाठवायला घेतले, विद्यार्थी सोडवून परत पाठवणार, हा तपासून देणार. सोयीचं होतं, पण शिकणारा एकटाच. नोकरी आणि पोरंबाळं सांभाळून रात्री एकट्याने अभ्यास रेटायचा म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळतं.

जमून शिकण्याची वाट मात्र वेगळीकडून आली. १९०२ मध्ये स्वीडनमध्ये दारूबंदीच्या चळवळीतल्या ऑस्कर ओल्सनने लुंड शहरात स्टडी सर्कल सुरू केलं, मोजकी पुस्तकं, मोजकी माणसं आणि आपापसात चर्चा, बस्स. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये अल्बर्ट मॅन्सब्रिजने वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशन या कामगारांच्या शिक्षणासाठीच्या संस्थेची सुरुवात केली आणि मला स्वतःला या सगळ्यात हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. १९०८ मध्ये ऑक्सफर्डच्या मदतीने रॉचडेल आणि लाँगटनला वर्ग सुरू झाले, शिकवायला आर. एच. टॉनी, पुढे नावाजलेले आर्थिक इतिहासकार. दिवसभर राबून आलेले लोक दर आठवड्याला दोन तास बसायचे, निम्मा वेळ व्याख्यान, निम्मा वेळ वादावादी, वर निबंधही लिहायचे, आणि तेही तीन वर्षं! हे कसं जमवायचं यावर जी समिती बसली तिच्यात सात जण विद्यापीठाचे आणि सात कामगारांच्या बाजूचे होते. सात-सात! आज कित्येक ठिकाणी 'पार्टनर'ला विचारतात काय, तर हॉल मिळेल का आणि माणसं आणाल का. कोर्स आधीच ठरलेला असतो.

मग रेडिओ. कॅनडात १९४१ पासून शेतकरी आठवड्यातून एकदा शेजाऱ्याच्या घरी जमून कार्यक्रम ऐकायचे आणि रेडिओ बंद केल्यावर त्यावर बोलायचे, खरं शिक्षण तिथेच व्हायचं. १९५६ मध्ये पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या मदतीने हाच प्रयोग १५० गावांत झाला. कोलंबियात १९४७ मध्ये होसे होआकिन साल्सेदो नावाच्या पाद्र्याने रेडिओ सुताटेन्सा सुरू केला, त्यात तर प्रत्येक गटाला गावातलाच एक मदतनीस असायचा, थोडंफार लिहिता-वाचता येणारा. तो रेडिओ लावणार, लोकांना बोलावणार, रेडिओवर सांगतील तसं फळ्यावर अक्षर दाखवणार. तो काही शिक्षक नव्हता, पण तो नसता तर रेडिओ नुसता वाजत राहिला असता.

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी घेतले तेव्हा टीव्ही-रेडिओच्या जोडीला ठिकठिकाणी स्टडी सेंटर आणि ट्यूटर ठेवले होते, म्हणजे नुसत्या प्रसारणावर भागणार नाही हे त्यांना माहीत होतं. १९८५ मध्ये स्वीडनमधल्या वेम्डालेन गावात पहिलं टेलिकॉटेज उघडलं, घरात कॉम्प्युटर नसलेल्यांनी तिथे येऊन वापरायचा आणि शिकायचा.

एवढं सगळं झाल्यावर २०११ आलं आणि पाटी पुन्हा कोरी. स्टॅनफर्डच्या आर्टिफिशियल इंटेलिजन्सच्या फुकट ऑनलाइन कोर्सला १ लाख ६० हजारांच्या आसपास लोकांनी नाव नोंदवलं, सगळीकडे नुसता गाजावाजा, आणि शेवटपर्यंत टिकले वीस-बावीस हजार. आकडा तसा लहान नाही, पण गळालेले कोण याचा विचार करा. अशा मोठ्या कोर्सेसमध्ये टिकणारे बहुतेक आधीच पदवी असलेले निघाले, ज्यांना शाळा अर्धवट सोडावी लागली ते दारातही नव्हते, किंवा पासवर्डपाशीच अडकले.

म्हणून पुन्हा लायब्ररी. २०१५ मध्ये पीअर टू पीअर युनिव्हर्सिटी नावाच्या संस्थेने शिकागो पब्लिक लायब्ररीसोबत लर्निंग सर्कल सुरू केली. कोर्स ऑनलाइन आणि फुकट, पण सहा-आठ आठवडे ठरलेल्या वेळी एकत्र बसूनच करायचा. गट चालवणाऱ्याला विषय यायलाच हवा असं नाही, कुणी अडलं की 'मलाही माहीत नाही, बघूया' म्हणायचं आणि कुणी दोनदा आलं नाही तर चौकशी करायची. सुताटेन्साच्या त्या मदतनीसाचं काम साधारण हेच होतं, फक्त तो हे फुकट करायचा. आजच्या योजनांमध्येही व्हिडिओ, लायसन्स, सर्व्हर यांचे रकाने पक्के असतात, या माणसाच्या तासांचा रकाना मात्र बहुतेक वेळा नसतो, आणि भागीदार संस्था आणि पैसे देणारे यांच्यात खटके उडतात ते जास्त करून इथेच.